टॉवेलाखालचा हात

ज्ञानूबापू माणसाकडं बघायचे ते पायाकडून वर. आधी टाचा, मग पोटऱ्या, मग खांदा, आणि एवढं सगळं मनासारखं असलं तरच तोंड. लग्न होऊन नुकतीच सासरी आले होते मी. सकाळी दारात सडा टाकत होते आणि हा काळासावळा म्हातारा रस्त्यात थांबून माझ्या पायांकडं बघतोय. अशी काही तिडीक गेली डोक्यात की विचारू नका. आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं, तो हेडी आहे. जन्मभर बैल विकले त्यानं. देव जरी पुढं उभा राहिला तरी आधी त्याची खुरं बघेल."

हेडी म्हणजे बैलबाजारातला दलाल. आमचं गाव कराडहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर, सातारा जिल्हा संपून सांगली लागते त्या कडेला. मंगळवारी बाजार भरायचा. आणि आमच्या घराच्या भिंतीला लागूनच पांजरपोळ होती. म्हातारी, लंगडी, कुणाला नकोशी झालेली जनावरं मरेपर्यंत सांभाळायची जागा. जुन्या व्यापाऱ्यांनी पुण्य म्हणून काढलेली, आणि त्यांच्या मुलांनी गळ्यात पडली म्हणून चालवलेली. अण्णासाहेब तेलगिरणीवाले अध्यक्ष होते. आमचे हे चिटणीस. का, तर घर शेजारी. आणि गावोगाव हिंडून तिच्यासाठी मागून आणणारे एकटे ज्ञानूबापू. पगार नाही की पद नाही. म्हातारपणी धंदा सोडला आणि इथं येऊन राहिले.

ते का आले, हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं बायको गेली म्हणून, कुणी म्हणायचं डोकं फिरलं म्हणून. मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी म्हशीचं आंबोण कालवत असताना, माझ्याकडं पाठ करून.

"एक म्हातारा बैल इकला वैनी. घेनारा कोन, त्यो कुठं नेनार, समदं ठावं हुतं मला. म्या इचारलं न्हाई. न इचारायचीच तर दलाली मिळती. सौदा झाला, टावेलाखालनं हात भाईर काढला, तर त्यो बैल म्होरं झाला अन् माझा हात चाटाय लागला. घामाचं मीठ असतंय न्हवं. चाटतोय आपला." मग म्हणाले, "त्या हातानं भाकरी मोडंना मला."

मी आंबोणात हात तसाच घालून बसले.

आता हा टॉवेल काय ते सांगायला हवं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक दोघं टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव करतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोन हातांनाच ठाऊक. बापूंनी तीच रीत मागण्याला लावली. मंगळवारी बाजाराच्या तोंडाशी बसायचे, मांडीवर टॉवेल, टॉवेलाखाली उघडा तळवा. ज्याला द्यायचं त्यानं टॉवेलाखाली हात घालायचा, ठेवायचं ते ठेवायचं आणि जायचं. कुणी किती दिलं हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळायचं नाही. बापू सगळ्यांना एकाच आवाजात म्हणायचे, "देव भलं करू." नोट ठेवणाऱ्यालाही तेच, गुळाचा खडा ठेवणाऱ्यालाही तेच.

गावातला एक मोठा आडत्या, नाव घेत नाही, त्याची नातवंडं चांगली माणसं आहेत, तो दर मंगळवारी येऊन मोठ्या थाटात टॉवेलाखाली हात घालायचा. चार लोकांकडं बघत, खाकरत. आणि बापूंच्या तळव्यावर शर्टाचं बटण ठेवून जायचा. बापू म्हणायचे, "देव भलं करू." संध्याकाळी ते बटण माझ्याकडं. आमच्या धाकट्याच्या चड्ड्यांना त्या वर्षी एकही बटण मी विकत आणलं नाही. मी म्हटलं, "बापू, एकदा त्याचा हात वर धरून दाखवा की चारचौघांना." तर म्हणाले, "मग दुसऱ्या मंगळवारी बाकीचं न्हाई यायचं. देनाऱ्याचा हात झाकावा वैनी, अन् घेनाऱ्याचं त्वांड."

आणि रिकामा हात आला तरी तो परत लावायचा नाही, हा त्यांचा नेम. ज्याच्याकडं काहीच नसायचं तोही टॉवेलाखाली हात घालून बापूंची बोटं नुसती दाबायचा. पुढच्या खेपेला बघतो, असा त्याचा अर्थ. त्यालाही देवानं भलं करायचंच.

अण्णासाहेबांना हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. पावती नाही, नाव नाही, मग देणारा देईल कशाला? त्यांनी पांजरपोळीच्या दारावर संगमरवरी पाटी लावली आणि मोठ्या देणगीदारांची नावं त्यात कोरून घेतली. सत्कार झाला, नारळ-शाली झाल्या, फोटो झाला. शालींचाच खर्च इतका झाला की आमचे हे आठ दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. बापू पाटीपुढं उभे राहून म्हणाले, "झालं. ह्यांचं नाव दगडात गेलं, आता ही मानसं फिटली. परत कशाला देतील?" आणि तसंच झालं. वर ज्या बायका गवताचा भारा आणून टाकायच्या त्याही बिचकल्या. माझ्या गवताचं नाव कुठं लिवनार बाई, म्हणून एक म्हातारी मला विचारून गेली. नंतर तिनं यायचंच सोडलं.

तसे बापू काही साधुसंत नव्हते. तोंडाचे भारी फटकळ. माझ्या नणंदेला बघायला सांगलीहून स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, टाय लावलेला, आम्ही सगळे हरखलो होतो. बापू ओट्यावर बसले होते. पाहुणे गेल्यावर सासऱ्यांनी सहज विचारलं, "काय बापू, कसा वाटला मुलगा?" बापू म्हणाले, "खांदा बरा हाय. पन मागल्या डाव्या पायात मार खातंय. चढाला बसंल." सासूबाईंना राग आवरेना. त्यांनी त्या दिवशी बापूंना चहा दिला नाही. लग्न झालं ते झालंच, आणि जावई चांगला निघाला. फक्त जोतिबाच्या डोंगरावर खरंच मधल्या पायरीवर बसला, म्हणाला लहानपणी पाय मोडला होता. सासूबाई हे बापूंना कधीच सांगायच्या नाहीत. मी मात्र दुसऱ्याच दिवशी सांगून आले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल सगळ्यांनी सगळं सांगून झालंय, मी फक्त पांजरपोळीचं सांगते. गावोगावचे लोक बैल आणून सोडायला लागले. घरात माणसाला नाही तिथं बैलाला कुठून घालणार? पण बैल सोडून येणं म्हणजे आमच्याकडं बाप सोडून आल्यासारखं. त्यामुळं माणसं यायची ती अंधार पडता पडता, तोंडाला मुंडासं गुंडाळून. बापू दार उघडायचे, कासरा हातात घ्यायचे आणि तोंड भिंतीकडं करायचे. कासरा देताना एखादा हुंदका द्यायचा. बापू म्हणायचे, "जावा. तुमी कोन ते मला दिसलं न्हाई."

पण त्यांना सगळं ठाऊक असायचं. बैल बघितला की मालक कळायचा, कारण त्यातले निम्मे बैल त्यांच्याच टॉवेलाखालून गेलेले. एवढंच की ते कधी कुणापाशी बोलले नाहीत. आमच्या ह्यांनी वहीत लिहायला म्हणून कितीदा विचारलं. बापूंचं एकच उत्तर. दिसलं न्हाई.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. कामाची जनावरं लोक सोडवून घेऊन गेले, पेरण्यांना हवी होती. म्हातारी मागं राहिली. पांजरपोळ तुडुंब, कडब्याची गंज संपत आलेली, हिरवा चारा अजून हाताएवढा झालेला नाही. व्यापाऱ्यांचा धर्मादाय आटलेला. बापू मंगळवारी बसायचे आणि टॉवेलाखाली नुसते रिकामे हात येऊन बोटं दाबून जायचे. शेवटी अण्णासाहेबांनी सांगून टाकलं की बेंदरापर्यंत वैरणीची सोय झाली नाही, तर जनावरं लिलावात काढायची. म्हातारा बैल लिलावात कोण घेतो हे बापूंपेक्षा कुणाला जास्त माहीत?

आणि त्याच बैठकीत अण्णासाहेबांना युक्ती सुचली. बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी बैलाला धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी घालायची. अण्णासाहेब म्हणाले, "त्या दिवशी प्रत्येक बैल सजवून हलगी लावून त्याच्या जुन्या मालकाच्या दारात नेऊन उभा करू. नैवेद्य मागायला. बघू कोण दार लावून घेतंय. लाज वाटली की वैरण आपोआप सुटेल. फक्त कुठला बैल कुणाचा, तेवढं बापूंनी सांगायचं."

बापू म्हणाले, "मला दिसलं न्हाई." आणि उठून गेले.

पण लिलावाची दवंडी ठरली, गंज तळाला लागली, आणि एका दुपारी बापू आमच्या ओट्यावर येऊन बसले. ह्यांच्याकडं न बघता, भिंतीकडं तोंड करून, एकेक बैल आणि एकेक मालक सांगत गेले. हे लिहून घेत होते. मी आत पुरणाची डाळ निवडत होते. त्यात माझ्या माहेरच्या गावाचं नाव आलं आणि मी सूप तसंच टाकून बाहेर आले. म्हटलं, "माझ्या माहेरी नका नेऊ बाई." तिथं अण्णासाहेब आलेले होते. ते म्हणाले, "वहिनी, उलट तुम्ही बरोबर चला. माहेरवाशीण बरोबर असली की कोण नाही म्हणेल?" बापूंचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता.

बेंदराच्या दिवशी माझ्या माहेरच्या गावाला निघालो. पुढं हलगीवाला, मग गोंडे-घुंगरं बांधलेले म्हातारे बैल, मागं रिकामी बैलगाडी आणि तीत मी पोळ्यांची दुरडी घेऊन बसलेली. बापू सगळ्यात पुढच्या बैलाचा कासरा धरून मान खाली घालून चालत होते.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन दारांत गंमतच आली. सरपंचाच्या भावाच्या दारात त्याचा जुना बैल उभा केला, तर पोरं ओरडायला लागली, "आला रं, तुझा आजा आला." तो गडी लालबुंद झाला, आत पळाला आणि स्वतःच्या खांद्यावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन बाहेर आला. त्याची बायको आरती घेऊन आली ती हसावं की रडावं न कळून. दुसऱ्या दारात तर बैल अजून वळला नव्हता तोवर पेंढ्या आल्या. गाडी भरत चालली. अण्णासाहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलंत?" मीही हसले.

तिसरं दार दादूनानांचं.

दादूनाना माझ्या वडिलांचे दोस्त. लहानपणी जत्रेला आम्ही त्यांच्याच गाडीतून जायचो. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार कळायचा तेवढा. ओट्यावर घोंगडं टाकून बसलेले असायचे. त्यांच्या हरण्या बैलाला आम्ही दारात उभं केलं. त्यांचा मुलगा संपत गोठ्यातून बाहेर आला, त्यानं हरण्याला बघितलं आणि तो जागच्या जागी पांढराफटक पडला. मला वाटलं, लाजला. तेवढ्यात माझ्या भावजयीनं दंडाला धरून मला मागं ओढलं. "वन्सं, हितं कशाला आनला त्येला? नानांस्नी वाटतंय हरण्या मेढ्याला हाय."

संपतनं बापाला सांगितलं होतं की हरण्या मेढ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला दिला. तिकडं डोंगरात गवत आहे, पाणी आहे, सुखात आहे. दर पंधरवड्याला तो काहीतरी खबर आणून सांगायचा. आणि सगळं गाव हे सांभाळून होतं. नानांपुढं एक पोरगंसुद्धा कधी पांजरपोळीचं नाव काढत नव्हतं.

हरण्या नैवेद्याला थांबलाच नाही. कासरा ओढून तो सरळ आत शिरला, आपल्या जुन्या दावणीकडं गेला. तिथं नवा खोंड बांधलेला. हरण्या त्याच्या मागं जाऊन उभा राहिला, आपला नंबर यायची वाट बघत. घुंगरांचा आवाज ऐकून नाना उठले, चाचपडत गोठ्यात गेले आणि त्यांनी शिंगावर हात फिरवला.

"हरण्या? आरं संपत, मेढ्याचं पाव्हणं आलं का रं? सनाला आठवनीनं बैल घिऊन आल्यात. अन् तू त्यास्नी दारात हुबं केलंस?"

हलगी थांबली. दारात निम्मं गाव उभं होतं. अण्णासाहेबांनी घसा साफ केला. ते आता सांगणार, हे मला कळलं, आणि मला वाटलं धरणी दुभंगली तर बरं. पण बापूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि ते पुढं झाले.

"व्हय नाना. मी मेढ्याचा."

नानांनी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं. पाय धुवायला पाणी दिलं. कुंकू लावून डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला. एरवी ज्या घरातून देणगी मिळायची त्या घरचा चहाही बापू घेत नसत. त्या दिवशी सगळ्या गावादेखत ते नानांच्या शेजारी बसून पुरणपोळी खात होते, आणि त्यांच्या कपाळावरनं घाम निथळत होता.

"पानी हाय का तुमच्याकडं?" नानांनी विचारलं.

"हाय नाना. वरल्या अंगाला झरा हाय."

"गवात?"

"कमरंएवढं."

"संपत सांगत हुता, हरण्यानं मांस धरलंय. मी हात फिरवला, मला काय लागलं न्हाई."

बापूंच्या हातातला घास तसाच राहिला. "म्हातारा झालाय नाना. ह्या वयात मांस धरत न्हाई."

"व्हय," नाना म्हणाले. "माझंबी तसंच हाय."

मग नानांनीच हरण्याला पोळी घातली, त्याच्या गळ्याला मिठी मारून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "निघा आता. मेढा लांब हाय."

संपत आमच्याबरोबर वेशीपर्यंत आला. त्यानं आपल्या घरातला होता नव्हता तो कडबा गाडीत रचला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो बापूंना एवढंच म्हणाला, "तुमी म्हनला हुता, तुमाला दिसलं न्हाई." बापू उभे राहिले. ज्या वाटेनं मी लहानपणी उड्या मारत गेले होते, त्या माझ्या माहेरच्या वाटेनं मला त्या दिवशी वर बघवेना.

आता गंमत बघा. पांजरपोळ तरली. बातमी आसपासच्या गावांत पोचली आणि आपल्या दारात वरात यायच्या आत लोकांनी गाड्या भरून वैरण पाठवली. पुढच्या सुगीपर्यंत पुरून उरेल एवढी. लिलाव रद्द झाला. अण्णासाहेब म्हणाले, हे आता दर बेंदराला करायचं. कराडच्या एका संस्थेनं त्यांना ही युक्ती समजावून सांगायला भाषणाला बोलावलं, आणि ते गेलेही.

मंगळवारी बापू नेहमीच्या जागी बसले. मी त्या दिवशी मिरच्या घ्यायला बाजारात गेले होते. लोक येत होते, देत होते, आधी कधी दिलं नसेल एवढं देत होते. पण टॉवेलाखाली हात कुणी घालत नव्हतं. वरनंच टाकत होते, टॉवेलावर, सगळ्यांना दिसेल असं, आणि बापूंच्या तोंडाकडं न बघता निघून जात होते. जुनी ओळखीची माणसं. ज्यांनी कधी रिकाम्या हातानं त्यांची बोटं दाबली होती ती माणसं. नाणं पडायचं, बापू म्हणायचे, "देव भलं करू," आणि त्यांचा हात आत टॉवेलाखाली तसाच उघडा.

संध्याकाळी सगळं त्यांनी ह्यांच्यापुढं ओतलं. हे खुशीत म्हणाले, "बापू, आजच्यासारखा बाजार कधी झाला नव्हता."

"न्हवता," बापू म्हणाले. "आता माझ्या टावेलाखाली कोन हात घालंल? पेटी ठेवा तुमी. पेटीला बी चालंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हरण्याचा कासरा धरून आमच्या दारात उभे. मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत त्यांची विधवा बहीण राहायची, तिच्याकडं निघाले होते. चालत. म्हातारा माणूस आणि म्हातारा बैल. हे समजावायला लागले, एवढं काय झालंय, जनावरांचं भलंच झालं ना. बापू म्हणाले, "जनावरांचं झालं की. त्येच्यासाठीच केलं. पन म्या शबूद दिला हुता मालक, अन् त्यो मोडून वैरन आनली. लय लाज वाटती." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "खोटं बोललोय वैनी, तेवढं तरी खरं करावं." मी भाकरी बांधून दिल्या. नमस्कार करायला वाकले, तर ते मागं सरकले. म्हणाले, "मला नगं."

त्या दिवाळीला भाऊबीजेला मी माहेरी गेले. नानांपुढं जायला पाय उचलत नव्हता, पण त्यांनीच निरोप धाडला. ओट्यावर एकटेच होते. मी बसले तसे हळूच म्हणाले, "सुमे, बापू कसं हायत?"

"कोण बापू, नाना?"

"हेडी गं. हरण्या त्यानंच दिला न्हवं का मला, एवढासा खोंड हुता तवा. सबंध सकाळ बाजारात बसून सौदा केला आमी. डोळं गेलं म्हनून काय कान गेलं व्हय? पैल्याच शबदाला वळखलं."

मी त्यांच्या जवळ सरकले.

"मेढ्याला आमच्या वळखीचं कोन हाय? कुनी बी न्हाई. संपतनं सांगितलं तवाच मला कळलं हुतं. पोरगं माझ्यासाठी खोटं बोलतंय, बोलू दे. अन् त्या दिशी समदं गाव दारात. मी जर म्हनलो असतो, हरण्या कुठनं आनला, तर पोरानं त्वांड कुठं न्हेलं असतं? म्हनून म्याच आधी मेढ्याचं नाव काढलं. बापू शाना मानूस. लगीच हातात हात दिला."

मग माझा हात चाचपडून धरून म्हणाले, "त्येला सांगू नगंस. त्येला वाटू दे, म्हाताऱ्याला काय कळलं न्हाई. न्हाईतर त्यो मरंल गं."

उन्हाळ्यात ह्यांच्या चुलतभावाच्या लग्नाला मेढ्याला गेलो, तेव्हा वाट विचारत विचारत त्या वाडीवर पोचलो. डोंगराच्या उतारावर हरण्या सावलीला बसला होता आणि बापू त्याच्या पाठीवरनं ओला बोळा फिरवत होते. ते फार वाळले होते. आम्हाला बघून बरं वाटलं त्यांना, बहिणीनं ताक दिलं. हे जरा लांब जाऊन बसले तसं बापूंनी मला विचारलं, "नाना काय म्हनत्यात?"

"बरे आहेत."

"मेढ्याच्या पाव्हण्याची याद काढत्यात का?"

"काढतात," मी म्हटलं.

"कळलं तर न्हाई न्हवं त्यास्नी?"

"नाही बापू."

त्यांनी डोळे मिटले. "तेवढं एक देवानं राखलं वैनी. बाकी गावात त्वांड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई. पन म्हाताऱ्याला कळलं न्हाई, तेवढ्यावर मी हाय."

मी ताकाच्या भांड्याकडं बघत बसले. आम्ही उठलो, उतरणीला लागलो, तर मागून त्यांची हाक आली. हरण्याच्या बरगड्यांवर हात ठेवून ते उभे होते.

"नानास्नी सांगा, हरण्यानं मांस धरलंय. ह्या खेपेला खरं हाय. पन तसं नगा म्हनू. नुस्तं मांस धरलंय म्हना."